मोटारीतील ध्वनी : अल्प खर्चात सुधारणा

मनुष्यास एखादी वस्तू समाधान देईनाशी झाली म्हणजे ती टाकून नवी आणावी हा विचार प्रथम सुचतो; तिच्यात उणे नेमके कोठे आहे ते शोधावे हा विचार मागाहून सुचतो, आणि पुष्कळदा पैसे खर्च होऊन गेल्यावर सुचतो. मोटारीबरोबर कारखान्यातूनच बसवून आलेल्या स्टीरिओच्या बाबतीत ही गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. घरात मोटार येते. ती बहुधा कर्ज काढून घेतलेली, किंवा दुसऱ्याने चार-सहा वर्षे वापरलेली असते. पहिले काही आठवडे कौतुकात जातात. पुढे घरातील मुलांच्या ध्यानात येते की, गाण्यातले शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत, तबल्याचा बाया नुसताच घुमतो, आणि आवाज वाढविला की दाराचे पॅड थडथडू लागते. मग मुलगा दुकानातून अंदाजपत्रक आणतो, त्यावर वीस-पंचवीस हजारांचा आकडा असतो, वडील तो कागद घडी करून खिशात ठेवितात, आणि विषय तेथेच संपतो. यात मुलाचे म्हणणे खोटे नसते, आणि वडिलांचे वागणेही गैर नसते. दोघांच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. तो दाखवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आवाज बिघडण्याची कारणे क्रमाने तपासावीत. गाण्याची प्रत, तारांची जोडणी आणि सेटची मांडणी ही पहिली तीन कारणे दूर करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. दार व स्पीकर या पुढच्या दोहोंस थोडा खर्च येतो. आणि ज्या वस्तूवर लोक सर्वांत आधी पैसा घालितात ती वस्तू, म्हणजे डॅशबोर्डातील सेट, बहुधा बदलावीच लागत नाही.

मोटारीत गाणे ऐकण्याची हौस नवी नव्हे. अमेरिकेत शिकागो येथे पॉल व जोसेफ गॅल्व्हिन या बंधूंनी १९३० साली मोटारीत बसविण्याचा रेडिओ विक्रीस काढिला व त्यास ‘मोटोरोला’ असे नाव दिले. पुढे तेच नाव त्यांच्या कंपनीस पडले. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट पुढे आणिली व थोड्याच वर्षांत तीही मोटारीत शिरली. त्यामागून सीडी आली, आणि आता तर मोबाइलमधील गाणे तारेवाचून सेटपर्यंत पोहोचते. ध्वनी साठविण्याची साधने इतकी पालटली. परंतु शेवटी हवा हालवून आपल्या कानापर्यंत ध्वनी आणणारा जो स्पीकर, त्याचे तत्त्व चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या संशोधकांनी १९२५ साली मांडिले तेच आजही चालू आहे. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे एक वेटोळे असते, त्यास कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू जोडलेला असतो. तारेतील वीज जशी बदलते तसा शंकू पुढे-मागे होतो व हवेत कंप उठतात.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. सेटच्या आतील विजेचे सूक्ष्म भाग लाखांनी तयार होतात, सबब ते साध्या गाडीतही बऱ्यापैकी असतात. चुंबक, शंकू आणि दाराचा पत्रा या मात्र वजनाच्या वस्तू आहेत, आणि वजन म्हणजे खर्च. गिऱ्हाईक शोरूममध्ये सेटचा पडदा पाहते. दाराच्या पोटात काय आहे ते कोणी पाहत नाही. म्हणून काटकसर जेथे दिसत नाही तेथे ती होते.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. तंबोऱ्याची तार नुसत्या काठीवर ताणून छेडली तर ती जवळ बसलेल्यासही धड ऐकू येणार नाही. भोपळ्यास घुमविण्याचे काम दिलेले आहे म्हणून तंबोऱ्याचा तंबोरा होतो. वाद्याचे अंग घुमले पाहिजे. स्टीरिओचे तसे नाही. तो वाद्य नव्हे. तो निरोप्या आहे. गवयाच्या तंबोऱ्याचा घुमार ध्वनिमुद्रणात आधीच उतरलेला आहे. त्यावर मोटारीच्या दाराने आपला निराळा घुमार चढविला, म्हणजे निरोप्याने निरोपात पदरचे शब्द घातल्यासारखे होते. चांगल्या निरोप्याचे लक्षण हे की, त्याने कमी करू नये आणि अधिकही करू नये. पुढील सर्व विवेचन या एकाच कसोटीवर चालले आहे असे वाचकांनी समजावे.

प्रथम ऐकावे. ही पायरी बहुतेक लोक गाळितात. गाडी शांत जागी उभी करून इंजिन बंद करावे, काचा लावाव्या, आणि आपणांस पूर्ण परिचयाची अशी तीन ध्वनिमुद्रणे घ्यावी. एक, केवळ पुरुषाच्या बोलण्याचे. दुसरे, ज्यात तबला अथवा ढोलकी स्पष्ट आहे असे. तिसरे, ज्यात टाळ किंवा झांज आहे असे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या भजनांचे एखादे साधे ध्वनिमुद्रण घरी असेल, तर गायन, पेटी, तबला व टाळ ही सर्व त्या एकातच सापडतील. हीच ध्वनिमुद्रणे आधी चांगल्या हेडफोनवर ऐकावी, मग गाडीत ऐकावी, आणि कोणता भाग हरवला व कोणता अधिक आला ते वहीत लिहून ठेवावे. मग सेटमधील बॅलन्स व फेडर यांच्या साहाय्याने एकेक स्पीकर निराळा ऐकावा. एखादा स्पीकर मुका असेल, फाटका आवाज करीत असेल, तर तो येथेच सापडतो. बायाच्या घुमाऱ्यात तळहाताच्या दाबाने स्वर चढतो-उतरतो. तो चढ-उतार कळत असेल तर खर्ज शुद्ध आहे, आणि प्रत्येक घाव सारखाच ‘धब्ब’ असा येत असेल तर तो बाया नसून दार बोलत आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा तारांची. प्रत्येक स्पीकरला धन व ऋण अशा दोन तारा असतात. दार कधी दुरुस्तीस उघडले असता एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर डावा शंकू पुढे येतो त्या क्षणी उजवा मागे जातो. एकाने दाबलेली हवा दुसरा ओढून घेतो, आणि खालचे स्वर नाहीसे होतात. बोलण्याचे ध्वनिमुद्रण लावून बॅलन्स मध्यावर ठेवावा. वक्ता समोर कोठेतरी बसला आहे असे वाटले तर ठीक. आवाज कोठून येतो तेच कळेना व तो पोकळ वाटला, तर बॅलन्स पूर्णपणे एका बाजूस फिरवावा. दोहोंऐवजी एकच स्पीकर वाजत असता खर्ज उलट भरदार झाला, तर तारा उलट आहेत असा दाट संशय घ्यावा. स्पीकर सेटपासून सुटा करून त्याच्या टोकांस दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकविला असता शंकू बाहेर उचलला गेला, तर सेलचे धन टोक ज्यास लागले तेच स्पीकरचे धन टोक होय. चार आण्यांचा हा प्रयोग कित्येक हजारांची खरेदी वाचवू शकतो.

तिसरी गोष्ट निरोपाचीच. मूळ निरोपच फाटका असेल तर निरोप्याने काय करावे? एकाने दुसऱ्यास व दुसऱ्याने तिसऱ्यास धाडलेल्या चित्रफितीतून काढलेले गाणे दर खेपेस आखडत आलेले असते. त्यातील गेलेला अंश कोणत्याही यंत्राने परत येत नाही. एफ. एम. रेडिओवर १५,००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी पाठविलाच जात नाही, म्हणून सेटची परीक्षा रेडिओवरून करू नये. ब्लूटूथने पाठविताना गाणे बहुधा पुन्हा एकदा आखडले जाते. तेच गाणे यू. एस. बी. तारेने किंवा पेनड्राइव्हवरून लावून फरक पाहावा. मोबाइलमधील गाण्याच्या ॲपमध्ये ध्वनीचा दर्जा ठरविण्याची जागा असते, ती डेटा वाचविण्यासाठी खाली ठेविलेली असल्यास वर न्यावी. मोबाइलचा स्वतःचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त करणे ते सेटवर करावे, आणि मोबाइलमधील इक्वलायझर बंद करावा. दोन ठिकाणी दोघांनी मीठ घातलेल्या आमटीसारखी अवस्था त्यामुळे टळते.

आता सेटच्या मांडणीकडे वळू. बहुतेक गाड्यांत बेस व ट्रेबल दोन्ही शेवटपर्यंत चढविलेले आढळतात. हे का करू नये हे समजण्यास थोडे गणित हवे. ध्वनीची पातळी डेसिबलात मोजतात. पातळी ३ डेसिबलांनी वाढविण्यास दुप्पट शक्ती लागते, ६ डेसिबलांस चौपट आणि १० डेसिबलांस दहापट. म्हणजे बेस ६ डेसिबलांनी चढविला की त्या स्वरांसाठी चौपट वॅट द्यावे लागतात. ती शक्ती सेटमध्ये नसली म्हणजे ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात, व आवाज खरखरीत होतो. उलट, जो भाग अधिक वाटतो तो किंचित उतरविला तर शक्ती लागत नाही, उलट वाचते. यास्तव नियम असा की, सर्व खुंट्या प्रथम शून्यावर आणाव्या. मग जे बोचते ते दोन-तीन अंशांनी उतरवावे. चढविणे अगदी शेवटी व अगदी थोडे.

कित्येक सेटांत ‘लाउडनेस’ नावाचे बटण असते. त्याचा उगम एका शोधात आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर व विल्डन मन्सन यांनी १९३३ साली असे दाखविले की, आवाज मंद असता मनुष्याच्या कानास खर्जाचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. आवाज वाढत गेला की हा फरक घटत जातो. लाउडनेसचे बटण मंद आवाजात खर्ज भरून काढण्यासाठी आहे. मोठ्या आवाजात ते चालू ठेवणे म्हणजे पोट भरलेल्यास पुन्हा आग्रह करणे होय.

सेटमध्ये ‘हाय पास’ अशी सोय असल्यास ती ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावी. तिच्यामुळे त्याखालचे स्वर दारातील लहान स्पीकरकडे फारसे जात नाहीत. ते त्यास धड वाजविता येत नाहीत, पण वाजविण्याच्या खटाटोपात शंकू मात्र लांबवर हालतो व वरचे स्वरही बिघडवितो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ हर्ट्झच्या वर असतो. गायन, पेटी, सतार, बासरी हे आपल्या नित्य श्रवणातील बहुतेक सर्व या सीमेच्या वर येते. ज्यांना नव्या धर्तीचे खोल खर्जाचे संगीत हवे त्यांस निराळा सबवूफर लागेल. परंतु तो पुढचा प्रश्न आहे. आधी शब्द स्पष्ट व्हावे.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या जवळ व डाव्याचा दूर. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. एक मीटरच्या अंतरास त्यास सेकंदाचे सुमारे तीन सहस्रांश लागतात. हा काळ किरकोळ दिसतो, पण तेवढ्यानेही कानास सर्व गाणे उजव्या गुडघ्यापाशी एकवटल्यासारखे वाटते. काही सेटांत जवळच्या स्पीकरचा ध्वनी तेवढा उशिरा सोडण्याची सोय असते. तेथे टेपने अंतरे मोजून भरावी. ती नसल्यास बॅलन्स किंचित डावीकडे न्यावा.

एवढे करूनही समाधान न झाल्यास मग दाराकडे जावे. आणि आमच्या मते खऱ्या सुधारणेचे घर हेच आहे. विद्यार्थ्यांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. सुटा स्पीकर हातात धरून वाजवावा. आवाज पातळ, पत्र्यासारखा येईल. मग पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यास स्पीकरच्या मापाचे भोक पाडून तोच स्पीकर त्यावर घट्ट धरावा. खर्ज तत्काळ उभा राहील. कारण असे की, शंकू पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ करितो. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते. इतक्या लांब लहरीस कडेवरून वळून पलीकडे जाणे अवघड नाही. पुढची दाबलेली व मागची विरळ हवा एकमेकींस भेटतात, आणि दोघी मिळून शून्य होतात. पुठ्ठा त्यांना वेगळे ठेवितो.

मोटारीच्या दारात हेच घडते. आतल्या पत्र्यास काच व कुलूप यांच्या दुरुस्तीसाठी मोठमोठी भोके असतात, व त्यांवर बहुधा पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटविलेला असतो. त्या भोकांतून मागचा ध्वनी पुढे येतो व खर्ज खातो. शिवाय बाहेरचा रुंद पत्रा डब्याच्या तळासारखा कंप पावतो. यास उपाय दोन. बाहेरच्या पत्र्यास आतून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेल्या ब्युटिल रबराच्या चिकट पट्ट्या लावाव्या, आणि आतली भोके त्याच पट्ट्यांनी किंवा ताठ पत्र्याच्या तुकड्यांनी बंद करावी. बाहेरचा पत्रा सबंध झाकण्याचे कारण नाही. तबल्याच्या पुडीवर बोट टेकविले तरी नाद मरतो, तद्वत मधला सुमारे चौथा हिस्सा झाकला तरी पुष्कळ काम होते. पट्टी लावण्यापूर्वी पत्रा स्पिरिटने पुसावा, व पट्टी लहान रुळाने दाबून बसवावी. डांबराच्या स्वस्त पट्ट्या घेऊ नयेत. वैशाखाच्या उन्हात बंद मोटारीत त्या मऊ होऊन ओघळतात व वास मारितात.

येथे आपल्या पर्जन्यकाळाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरते व तळाच्या बारीक फटींतून बाहेर जाते. त्या फटी बुजविल्या तर दाराची विहीर होते आणि पत्रा आतून गंजतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी हे विशेष पाहावे. त्याच कारणाने दारात पाणी शोषणारा साधा स्पंज भरू नये. पॅड परत बसविण्यापूर्वी काच दोनदा वरखाली करून ती कोठे घासत नाही ना, हेही पाहावे. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दारात हवेचा दाब ओळखणारे यंत्र असते. अशा दाराची भोके आपल्या बुद्धीने बंद करू नयेत, अधिकृत कारागिरास विचारावे. आवाजासाठी प्राणरक्षणाच्या साधनास धक्का लावणे शहाणपणाचे नव्हे.

थडथड शोधण्यासाठी मोबाइलवर शुद्ध स्वर काढणारे फुकट ॲप मिळते. त्यावर ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जावे, आणि जेथे थडथड होईल तेथे हाताने दाबून स्थान निश्चित करावे. कित्येकदा गुन्हेगार म्हणून दाराच्या खणातील सुटी नाणी किंवा पाण्याची बाटलीच सापडते! कुलपाच्या सळया व सैल तारांस कापडी टेप गुंडाळला म्हणजे पुष्कळ काम होते. स्पीकर व पॅडची जाळी यांच्यामध्ये फोमची गोल कडी बसविली, तर ध्वनी पॅडच्या आत न शिरता सरळ बाहेर येतो. या कडीचा खर्च नगण्य, परंतु गुण मोठा आहे.

यानंतरच स्पीकर बदलण्याचा विचार करावा, आणि तोही पुढच्या दोन दारांपुरता. श्रोते मुख्यतः पुढे बसतात. पैसा चार ठिकाणी विभागण्यापेक्षा दोन ठिकाणी नीट घालावा. आपल्याकडील बऱ्याच लहान गाड्यांत साडेसहा इंची स्पीकर बसतो. तरी माप, आणि काचेस न लागेल अशी खोली, आधी मोजून घ्यावी. दुकानात खोक्यावरच्या वॅटांच्या मोठ्या आकड्यावर भुलू नये. सेटवर ‘५० वॅट, चार’ असे लिहिलेले असते त्याचा हिशेब पाहा. इंजिन चालू असता विजेचा दाब साधारण १४.४ व्होल्ट, व स्पीकरचा रोध ४ ओहम. शुद्ध स्वरासाठी मिळू शकणारी परमावधीची शक्ती म्हणजे १४.४ चा वर्ग भागिले ८, अर्थात सुमारे २६ वॅट. व्यवहारात स्वच्छ अशी पंधरा ते वीसच वॅट मिळते. तो ५० चा आकडा लहरींची शिखरे पूर्णपणे छाटलेल्या, अर्थात ऐकण्यास निरुपयोगी, अशा ध्वनीचा आहे.

मग पाहावे काय? स्पीकरची संवेदनक्षमता, इंग्रजी कागदावर ती ‘सेन्सिटिव्हिटी’ या नावाने डेसिबलात दिलेली असते. एका स्पीकरची ८७ व दुसऱ्याची ९१ असेल, आणि दोन्ही आकडे एकाच रीतीने मोजलेले असतील, तर त्याच सेटवर दुसरा ४ डेसिबल अधिक वाजेल. म्हणजे शक्ती अडीचपट केल्याचे फळ फुकट पदरी पडेल. मूळ सेट ठेवणाऱ्या गृहस्थाने अधिक संवेदनक्षम स्पीकर निवडावा, हे या खरेदीचे सार आहे. रोध सेटला मानवेल तोच असावा. ४ ओहमसाठी केलेल्या सेटला २ ओहमचा स्पीकर जोडल्यास सेट तापून निकामी होण्याचे भय असते. बसविताना गाडीच्या मूळ तारा कापू देऊ नयेत. जुळणारे कपलर मिळतात, ते मागावे. त्यायोगे मूळ जोडणी शाबूत राहते, आणि उद्या गाडी विकताना जुने स्पीकर पुन्हा बसविता येतात.

येथपर्यंत आलेल्या बहुतेक कुटुंबांस पुढे जाण्याची गरज पडणार नाही. ज्यांना ॲम्प्लिफायर किंवा सबवूफर लावावयाचाच असेल, त्यांस एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. बॅटरीच्या धन टोकाकडून निघणाऱ्या तारेवर, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, योग्य मापाचा फ्यूज असलाच पाहिजे. मोटारीच्या बॅटरीतून क्षणात शेकडो अँपिअर वीज वाहू शकते. तारेचे आवरण पत्र्याच्या कडेवर घासून तुटले आणि फ्यूज नसला, तर तार लाल होऊन आग लागते. दहा-वीस रुपयांच्या फ्यूजमध्ये काटकसर करणारा कारागीर कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो.

खर्चाचा अंदाज पालकांस हवा असेल. गावोगावी भाव निराळे असतात. तरी दोन दारांच्या ब्युटिल पट्ट्या सुमारे दीड-दोन हजार रुपयांत, बऱ्या प्रतीच्या दोन स्पीकरांची जोडी सुमारे दोन-तीन हजारांत, आणि कड्या, कपलर व फोम चार-पाचशेत येतात. म्हणजे मजुरी सोडून पाच-सहा हजारांच्या आत काम होते. आणि पहिल्या तीन पायऱ्यांतच समाधान झाले, तर तेही वाचतात. खर्च एकदम करू नये. एक पायरी झाली की तीच तीन ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकावी, वहीत नोंद करावी, आणि महिनाभर थांबावे. पुढच्या पायरीची गरज आहे की नाही हे कान सांगतील; दुकानदाराने सांगण्याची वाट पाहू नये.

शेवटी एक विषय उरला, आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आवाज अस्पष्ट असला म्हणजे मनुष्य तो मोठा करितो. शब्द कळावेत म्हणून तो गोंगाटच वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे ८० डेसिबलांचा ध्वनी आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे प्रौढांस निर्धोक मानितात. ९० डेसिबलांस ही मर्यादा ४ तासांवर येते, आणि १०० डेसिबलांस अवघ्या २० मिनिटांवर. मुलांसाठी ४० तासांची ही मर्यादा ७५ डेसिबल धरितात. अंतःकर्णातील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की मनुष्याच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. स्पीकर फाटला तर बाजारात दुसरा मिळतो. कानाचे तसे नाही. त्यातून बंद काचांच्या मोटारीत मोठा आवाज असता मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चालकास ऐकू येत नाही, आणि त्या रुग्णवाहिकेत कोणाचा तरी जीव असतो. स्वच्छ ध्वनीचा खरा लाभ हा की, तो मंद ठेवूनही पुरतो. दार शांत झाले, शब्द उमटू लागले, म्हणजे हात आपोआप आवाजाच्या खुंटीकडे जाईनासा होतो. मागे बसलेल्या आजीसही भजनातील शब्द कळतात, आणि पुढे बसलेल्यांस एकमेकांशी बोलताही येते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हाती जे आले आहे ते आधी पूर्ण ओळखा. त्यात जेवढे आहे तेवढे सगळे बाहेर काढा. मगच अधिक मागा. देवाने दिलेल्या वस्तूंचे व बापाने कष्टाने मिळविलेल्या पैशाचे कारभारीपण याहून निराळे नाही. आणि पालकांसही आमची नम्र विनंती आहे की, मुलगा पुन्हा तो अंदाजपत्रकाचा कागद घेऊन आला तर त्यास केवळ नाही म्हणू नये. एका रविवारी दुपारी त्याच्याबरोबर गाडीत बसावे, काचा लावाव्या, आणि दोघांनी मिळून आधी ऐकावे.